सुरतच्या कापडात अडकलेला कर

सुतावर 12 टक्के, कापडावर 5 टक्के. सुरतच्या सिंथेटिक साडीची सप्टेंबर 2025 पर्यंतची करकहाणी मुख्यतः या दोन आकड्यांत होती.

समजा, विणकराने 100 रुपयांचं पॉलिस्टर सूत घेतलं आणि त्यावर 12 रुपये जीएसटी भरला. त्या सुताचं ग्रे, म्हणजे न रंगवलेलं, कापड विणून ते 130 रुपयांना विकलं. कापडावरचा कर 5 टक्के, म्हणजे साडेसहा रुपये. हे साडेसहा रुपये आधी भरलेल्या 12 रुपयांतून वळते झाले, तरी साडेपाच रुपये उरले. हे उरलेले पैसे म्हणजे जास्तीचं क्रेडिट. पोर्टलच्या क्रेडिट लेजरमध्ये ते दिसतं, दर महिन्याला वाढतं, पण त्यातून कारागिराचा पगार करता येत नाही, विजेचं बिल भरता येत नाही आणि सूतवाल्याचं देणंही फेडता येत नाही. खरं तर हे पैसे विणकराच्या खिशातून रोख गेलेले असतात.

कापड कितीला विकलं तर क्रेडिट उरत नाही?

12 आणि 5 या दरांत उत्तर सोपं आहे: सुताच्या किमतीच्या 2.4 पट. 100 रुपयांच्या सुताचं कापड 240 रुपयांना विकलं, तर कर 12 रुपये होतो आणि हिशेब बरोबर बसतो. साध्या ग्रे कापडात विणाईची एवढी मजुरी कधीच मिळत नाही.

1 जुलै 2017 ला जीएसटी आला तेव्हा परिस्थिती याहून बिकट होती. कृत्रिम धाग्यावर 18 टक्के आणि कापडावर 5 टक्के. तेव्हा 3.6 पट भाव मिळायला हवा होता! ऑक्टोबर 2017 मध्ये जीएसटी परिषदेच्या 22व्या बैठकीत धाग्याचा दर 12 वर आला. सुतावर जास्त आणि कापडावर कमी कराचा हा उलटा जिना थोडा ठेंगणा झाला, पण उलटाच राहिला.

साठ वर्षं कापडावर विक्रीकर नव्हता

जुलै 2017 मध्ये जीएसटीच्या विरोधात सुरतच्या रिंग रोडवरची कापड मार्केटं दोन आठवड्यांहून जास्त काळ बंद होती. 8 जुलैला व्यापाऱ्यांनी काढलेल्या मोर्चाने रस्ते भरून गेले होते. दिवसाला हजारो पार्सलं देशभर पाठवणाऱ्या शहराने एवढे दिवस दुकानं का बंद ठेवली असतील?

याचं मूळ 1957 मध्ये आहे. त्या वर्षी केंद्राने कापड, साखर आणि तंबाखू यांवर जादा अबकारी कर लावणारा कायदा केला. त्याच्या बदल्यात राज्यांनी या तीन वस्तूंवरचा विक्रीकर सोडला. कर कारखान्याच्या दारात वसूल व्हायचा आणि राज्यांना त्यातला वाटा मिळायचा. पुढे अबकारीचे नियम अनेकदा बदलले, पण मार्केटमधल्या व्यापाऱ्याला विक्रीकराचं रिटर्न भरायची सवय कधी लागलीच नाही. आजोबांपासून वहीखात्यावर धंदा करणाऱ्या माणसाला एका रात्रीत नोंदणी, मासिक रिटर्न आणि बिलागणिक नोंदी कराव्या लागल्या. त्या मोर्चाकडे नुसता करचुकवेगिरीचा हट्ट म्हणून पाहणाऱ्यांनी हा इतिहास वाचलेला नसतो.

तेरा महिन्यांचं क्रेडिट एका ओळीत रद्द

या सगळ्या प्रकरणातली सर्वात मोठी घडामोड हीच आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

कच्च्या मालावर जास्त आणि तयार मालावर कमी कर असेल, तर साचलेलं क्रेडिट रोख परत मागायची सोय जीएसटी कायद्यातच आहे. पण काही वस्तूंना ही सोय न देण्याचा अधिकारही कायद्याने सरकारला दिला आहे. जीएसटी सुरू व्हायच्या तोंडावर, 28 जून 2017 च्या अधिसूचनेने कापड त्या यादीत टाकलं. म्हणजे क्रेडिट साचणार हे आधीच माहीत होतं आणि परत न देण्याचाही निर्णय आधीच झाला होता.

विणकरांच्या संघटनांनी दिल्लीच्या फेऱ्या केल्या. जुलै 2018 मध्ये परिषदेच्या 28व्या बैठकीत कापडाला परतावा देण्याचं ठरलं. सुरतमध्ये आनंद झाला. मग 26 जुलैची अधिसूचना आली. परतावा मिळणार, पण 1 ऑगस्ट 2018 पासून पुढच्या मालावर. आणि जुलै 2018 चा कर भरल्यावर जे जुनं क्रेडिट शिल्लक राहील, ते रद्द.

परतावा न देणं एक आणि खात्यातली शिल्लक पुसून टाकणं दुसरं. पहिल्यात पैसे खात्यात राहतात, पुढे कधीतरी कर भरायला उपयोगी पडतात. दुसऱ्यात ते नाहीसेच होतात. नेमका हाच फरक गुजरात उच्च न्यायालयाने पकडला. शबनम पेट्रोफिल्स या कंपनीच्या याचिकेवर जुलै 2019 मध्ये निकाल आला: कायद्याने सरकारला परतावा नाकारण्याचा अधिकार दिला आहे, क्रेडिट रद्द करण्याचा नाही. अधिसूचनेतली ती अट न्यायालयाने बेकायदा ठरवली.

या निकालाची मुळं वीस वर्षं आधीच्या एका खटल्यात आहेत. अबकारीच्या काळात मॉडव्हॅट क्रेडिट होतं. तेही सरकारने एका नियमाने रद्द करायचा प्रयत्न केला होता. 1999 मध्ये आयशर मोटर्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो नियम मोडीत काढला. नियमाप्रमाणे मिळालेलं क्रेडिट म्हणजे भरलेला करच, आणि तो करदात्याचा हक्क झालेला असतो, असा त्या निकालाचा गाभा होता. माझ्या मते जीएसटीच्या प्रत्येक अधिकाऱ्याच्या टेबलावर हा निकाल असायला हवा.

चपलांच्या खटल्यातून कापडाचं सूत्र

परतावा किती मिळणार हे एक सूत्र ठरवतं: नियम 89, पोटनियम 5. सुरतच्या सीए मंडळींना ते झोपेतही म्हणता येतं. त्यातली मेख अशी की, परताव्याच्या हिशेबात फक्त मालावरचा कर धरायचा, सेवांवरचा नाही. गाळ्याचं भाडं, वाहतूक, बाहेरून करून घेतलेलं जॉबवर्क यांवर भरलेला कर परत मिळत नाही.

याला आव्हान दिलं पादत्राणांच्या कंपनीने. व्हीकेसी फुटस्टेप्सच्या बाजूने गुजरात उच्च न्यायालयाने 2020 मध्ये निकाल दिला. 13 सप्टेंबर 2021 ला सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. परतावा कायदा देईल तेवढाच, असं न्यायालय म्हणालं. पण सूत्रात करदात्यावर अन्याय होतो हेही न्यायमूर्तींना जाणवलं, आणि परिषदेने त्याचा फेरविचार करावा, असं त्यांनी निकालात सुचवलं.

आता वरच्याच उदाहरणात सेवांवरचे 3 रुपये घाला. सुतावर 12, सेवांवर 3, एकूण क्रेडिट 15. कापडावरचा कर साडेसहा. जुन्या सूत्रात 12 मधून साडेसहा वजा, परतावा साडेपाच रुपये. म्हणजे कापडावरचा सगळा कर मालाच्याच क्रेडिटमधून भरला असं धरायचं आणि सेवांचे 3 रुपये तसेच पडून राहायचे. जुलै 2022 मध्ये सूत्र बदललं. आता कापडावरचा कर दोन्ही क्रेडिटांतून प्रमाणात भरला असं धरतात. साडेसहाचे बारा पंधरांश म्हणजे 5.20. बारातून ते वजा केले की परतावा 6.80. एकूण उरलेलं क्रेडिट साडेआठ रुपये, त्यातले 1.70 अजूनही अडकलेलेच. पण 100 रुपयांच्या सुतामागे 1.30 रुपये जास्त मिळाले, आणि महिन्याला लाखोंचं सूत लागणाऱ्या कारखान्यात ही रक्कम लहान नसते.

हिऱ्यांचा दर वाढला आणि हिरेवाले खूश झाले

परताव्याचा तोच नियम हिऱ्यांनाही लागतो. सुरतेत पैलू पाडलेल्या हिऱ्यांवर 2018 पासून पाव टक्का जीएसटी होता. पण पैलू पाडून देणाऱ्या जॉबवर्कवर आधी 5 आणि ऑक्टोबर 2019 पासून दीड टक्का. दलाली आणि ऑफिसचं भाडं 18 टक्क्यांत. या सगळ्या सेवा! त्यांचं क्रेडिट पाव टक्क्याच्या करात कसं संपणार? आणि उलट्या दराच्या सूत्रात सेवा धरतच नाहीत, म्हणजे रोख परतावाही नाही.

मग उपाय काय निघाला? 18 जुलै 2022 पासून पैलूदार हिऱ्यांचा दर पाव टक्क्यावरून दीड टक्का झाला. सहापट कर, आणि बाजाराने त्याचं स्वागत केलं. कारण कर वाढला की अडकलेलं क्रेडिट वापरून संपतं. कर वाढल्यावर व्यापारी समाधानी झाल्याची अशी उदाहरणं फार थोडी असतील.

निर्यात करणाऱ्याचं गणित वेगळं. त्याला निर्यातीच्या सूत्रात सेवांवरचा करही परत मिळतो. म्हणून एकाच इमारतीत दोन हिरे व्यापारी, एक परदेशी विकणारा आणि एक देशात, त्यांचा अडकलेला पैसा सारखा नसतो.

झटपट

तुमच्या खात्यात केंद्राच्या जीएसटीचं भरपूर क्रेडिट आहे आणि राज्याच्या जीएसटीचं शून्य. राज्याचा कर कशातून भरणार? रोखीने! केंद्राचं क्रेडिट राज्याच्या कराला चालत नाही, राज्याचं केंद्राला चालत नाही. आंतरराज्य विक्रीवरच्या आयजीएसटीचं क्रेडिट मात्र दोन्हीकडे चालतं, आणि ते आधी संपवावं लागतं.

विजेवर जीएसटी लागत नाही. यंत्रमागाचा मोठा खर्च विजेचा, पण तिच्या बिलावर विणकराला क्रेडिट मिळत नाही.

सरकारने परतावा 60 दिवसांत दिला नाही तर व्याज 6 टक्के. विणकराने चुकीचं क्रेडिट घेऊन वापरलं तर व्याज 18 टक्के. हे अंतर मला कधीच पटलेलं नाही. खेळतं भांडवल 6 टक्क्यांनी कुठली बँक देते?

सुरतची साडी नाशिकच्या दुकानात विकली गेली, तर राज्याच्या वाट्याचा कर महाराष्ट्राला मिळतो, गुजरातला नाही. माल जिथे वापरला जातो त्या राज्याचा कर, हे जीएसटीचं मूळ तत्त्व. जास्त उत्पादन करणाऱ्या राज्यांना म्हणूनच नुकसानीची भीती होती, आणि केंद्राने पाच वर्षं, जून 2022 पर्यंत, 14 टक्के वाढ धरून भरपाईची हमी दिली होती.

खोटी बिलं फाडून क्रेडिट लाटणाऱ्यांना लगाम घालण्यासाठी जीएसटी नोंदणीच्या वेळी आधारची बायोमेट्रिक पडताळणी देशात पहिल्यांदा गुजरातमध्येच सुरू झाली. प्रामाणिक विणकराचा परतावा रेंगाळतो त्यामागे ही बनावट बिलंही आहेत.

उधारीवर चालणाऱ्या बाजाराला 180 दिवसांची घंटा

रिंग रोडचा धंदा उधारीवर आणि दलालाच्या शब्दावर चालतो. मालेगावचा, जळगावचा, सोलापूरचा दुकानदार माल नेतो आणि पैसे दोन, तीन, कधी चार महिन्यांनी पाठवतो. जीएसटीचा नियम म्हणतो: 180 दिवसांत पैसे दिले नाहीत, तर त्या बिलावर घेतलेलं क्रेडिट व्याजासकट परत भरा. पुढे पैसे दिले की क्रेडिट पुन्हा घेता येतं. व्याज मात्र गेलं ते गेलं.

त्यात माल परत येण्याची सुरतेची जुनी रीत. बाजारात त्याला जीआर म्हणतात. रंग वेगळा आला, लग्नसराई हुकली, ग्राहक फिरला, की गठ्ठे मागे. प्रत्येक परतीला क्रेडिट नोट, आणि घेणाऱ्याने तेवढं क्रेडिट कमी करायचं. त्या क्रेडिट नोटेमुळे कर कमी करायचा असेल, तर ती आर्थिक वर्ष संपल्यावर येणाऱ्या 30 नोव्हेंबरपर्यंत दाखवावी लागते. त्यानंतर परत आलेल्या मालावरचा कर विकणाऱ्याच्या अंगावर.

2024 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये प्राप्तिकराने यात भर घातली. सूक्ष्म आणि लघु उत्पादकाचे पैसे करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत, नसेल तर 15 दिवसांत द्या. वेळ टळली आणि वर्षअखेरीपर्यंत पैसे दिले नाहीत, तर तो खर्च त्या वर्षी वजा मिळणार नाही. बाजारात याला नुसतं ‘43बीएच’ म्हणतात. लहान विणकराला वेळेवर पैसे मिळावेत हा कायद्याचा हेतू चांगला. पण मार्चच्या आधी मार्केटमध्ये माल परत येऊ लागला आणि ऑर्डरी रद्द झाल्या. कारण या तरतुदीत व्यापारी येत नाही, फक्त उत्पादक आणि सेवा देणारा येतो. तेव्हा काही दुकानदारांनी उत्पादकाऐवजी व्यापाऱ्याकडूनच माल घ्यायचा पवित्रा घेतला. लहान विणकराला वाचवणारा नियम काही काळ त्याच्याच गिऱ्हाइकाला दूर नेत होता.

प्राप्तिकरातही तेच

पगारदारांनाही जास्तीचं क्रेडिट असतं: टीडीएस जास्त कापला गेला की. परतावा आला, त्याच्यासोबत महिन्याला अर्धा टक्का व्याजही आलं. मूळ परतावा हे उत्पन्न नाही, तो तुमचाच पैसा. पण त्यावरच्या व्याजावर कर लागतो, आणि पुष्कळ लोक ते रिटर्नमध्ये दाखवायला विसरतात. उलट बाजूही आहे: परतावा चुकून जास्त दिला गेला आणि पुढे तपासणीत ते निघालं, तर तुम्ही महिन्याला अर्धा टक्का व्याज भरायचं. या भरलेल्या व्याजाची वजावट कुठे मिळत नाही. म्हणजे येणाऱ्या व्याजावर कर आहे आणि जाणाऱ्या व्याजावर सवलत नाही.

परदेशात भरलेल्या करासाठीही वरची मर्यादा आहे. अमेरिकेत जास्त कर गेला आणि भारतातला कर कमी निघाला, तर भारतातल्या करापुरतंच क्रेडिट मिळतं. जास्तीचं तिथेच संपतं.

प्रशांत महासागरातलं एक बेट

परतावा रखडण्याचं दुखणं भारतापुरतं नाही. गुआम हा अमेरिकेचा प्रदेश. तिथे अमेरिकेचाच प्राप्तिकर कायदा जसाच्या तसा लागू होतो, पण कर बेटाच्या तिजोरीत जमा होतो आणि परतावाही तिथूनच निघतो. कमी कमाईच्या कुटुंबांना वॉशिंग्टनने जाहीर केलेलं जास्तीचं क्रेडिटही बेटालाच मोजावं लागायचं. तिजोरी रिकामी असली की परतावे वर्षानुवर्षं लटकायचे. शेवटी करदाते न्यायालयात गेले, आणि 2013 मध्ये सहा महिन्यांत परतावे देण्याचा आदेश झाला. 2015 मध्ये वरच्या न्यायालयाने तो कायम केला. सुरतच्या विणकराला हे ऐकून परकं वाटणार नाही.

मीठ, चौथ आणि सुरत

करावरून रस्त्यावर उतरण्याची सुरतेला जुनी सवय आहे. 1844 मध्ये मुंबई सरकारने मिठावरचा कर मणाला आठ आण्यांवरून एक रुपया केला. शहर पेटलं आणि सरकारला तो बारा आण्यांवर आणावा लागला. 1878 मध्ये लायसन्स टॅक्सवरून पुन्हा दंगा आणि दुकानबंदी.

आणि मराठ्यांचं सुरतेशी नातं फक्त 1664 आणि 1670 च्या स्वाऱ्यांपुरतं नाही. पुढे सुरतेच्या महसुलातली चौथ पेशवे आणि गायकवाड यांच्याकडे जात असे. 1802 च्या अखेरीस वसईच्या तहात दुसऱ्या बाजीरावाने सुरतेवरचे हक्क इंग्रजांना सोडले.

कापड 12 टक्के व्हायला फक्त काही तास उरले होते

उलटा दर सरळ करायचे दोन मार्ग: सूत खाली आणा किंवा कापड वर न्या. सरकारने आधी दुसरा निवडला. नोव्हेंबर 2021 च्या अधिसूचनेने 1 जानेवारी 2022 पासून कापड 12 टक्के होणार होतं. सुरत, भिवंडी, इचलकरंजी सगळीकडे विरोध झाला. सुती धंद्यात तर सूतही 5 आणि कापडही 5 होतं. तिथे दुखणंच नव्हतं, तरी औषध सगळ्यांना एकच. त्या वेळी वस्त्रोद्योग राज्यमंत्री सुरतच्याच खासदार दर्शना जरदोश होत्या. 31 डिसेंबर 2021 ला परिषदेची 46वी बैठक बोलावली गेली आणि वाढ पुढे ढकलली. दुसऱ्या दिवशीपासून 12 टक्क्यांची बिलं फाडायची तयारी झालेली होती.

पहिला मार्ग यायला पुढे जवळपास चार वर्षं लागली. 3 सप्टेंबर 2025 च्या 56व्या बैठकीत कृत्रिम तंतू 18 वरून 5 आणि धागा 12 वरून 5 टक्क्यांवर आणायचं ठरलं. 22 सप्टेंबरपासून ते लागू झालं. सूत 5, कापड 5. आपल्या 100 रुपयांच्या सुतावर आता 5 रुपये जातात आणि 130 च्या कापडावर साडेसहा येतात. विणकर पहिल्यांदा दीड रुपया भरायच्या बाजूला आला. उधना, पांडेसरा, लिंबायतमध्ये खानदेशातून आलेली हजारो कुटुंबं याच कापडावर जगतात. त्यांच्या मालकाकडे खेळतं भांडवल मोकळं राहणं म्हणजे महिनाअखेरीचा पगार वेळेवर होणं.

त्याच बैठकीत उलट्या दराच्या परताव्यातला 90 टक्के भाग निर्यातदारांप्रमाणे आधीच देण्याची शिफारसही झाली.

विणकराकडून ही अडचण आता वरच्या पायरीवर सरकली आहे. पॉलिस्टर ज्या रसायनांपासून बनतं त्या पीटीए आणि एमईजीवर 18 टक्के कर कायम आहे. सुरतजवळच्या हजिऱ्यातही त्यांचे मोठे कारखाने आहेत. धागा बनवणारा 18 ने घेतो आणि 5 ने विकतो. म्हणजे आता क्रेडिट त्याच्या लेजरमध्ये साचतं, आणि परताव्याच्या अर्जांच्या रांगेत तो उभा राहतो. नवे माग भांडवली मालात मोडतात, म्हणून त्यांवर भरलेला करही अजून परताव्याच्या सूत्राच्या बाहेर आहे. विणकराकडे 2025 च्या आधीचं क्रेडिट अडकलं असेल, तर परताव्याच्या अर्जाला मुदत फक्त दोन वर्षांची आहे. ती प्रत्येक महिन्याच्या रिटर्नच्या देय तारखेपासून वेगळी मोजायची असते.